तक्रार नाही, पण…

'माझी काही तक्रार नाही, पण…' असं म्हणून आपण जे सुरू करतो, ती तक्रारच असते. जुलैत मीही आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या तक्रारवहीत हेच लिहून सुरुवात केली. पुठ्ठा सुटलेली दोनशेपानी वही, दोऱ्याला बांधलेलं बॉलपेन, मुक्काम वॉचमनच्या टेबलावर टँकरच्या पावत्यांखाली. माझ्या बाथरूमच्या छताला आधी पिवळट डाग पडला, मग पोपडे सुटले, मग मिनिटाला सहा थेंब. मोजले मी, बादली ठेवून.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे भाई दारात. चेहरा पडलेला. "इतने साल का पडोस, और आप तकरार पे आ गए?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. गुजरातीत तकरार म्हणजे भांडण, तंटा. हिंदीतही तेच. मी म्हटलं, भाई, झगडा नाही हो, नुसती तक्रार. "तो फरियाद बोलो ना! फरियाद करो, कोई वांधा नहीं." आता दचकायची पाळी माझी. आपल्याकडे फिर्याद पोलीस ठाण्यात होते, तिला पंचनामा लागतो. त्यांच्या घरात मात्र फरियाद म्हणजे साधी तक्रार. मी साधं बोललो ते त्यांना भांडण वाटलं, ते साधं बोलले ते मला कोर्ट वाटलं. चहा झाला, पाणी ठिबकत राहिलं.

शब्द मूळचा अरबी. तिथे 'तकरार' म्हणजे पुन्हा पुन्हा करणं, पुनरावृत्ती. तुर्कीत आजही 'तेकरार' म्हणजे 'पुन्हा'. फारसीच्या वाटेनं तो इकडे आला. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलल्यावर काय होतं? हिंदी-गुजरातीत भांडण झालं. मराठीत अर्ज झाला, खाली 'आपला विश्वासू'. मला विचाराल तर अरबांनाच नेमकं कळलं होतं. वहीत माझ्या तीन नोंदी आहेत. पहिली पाऊण पान, दुसरी चार ओळी, तिसरी नुसतीच 'वरीलप्रमाणे'.

खरं तर तक्रार ही शेवटची पायरी. त्याआधी मराठी माणसाकडे बराच माल असतो. खाट कुरकुरते तसा आधी माणूस कुरकुरतो. दोघांत झाली की ती कुरबुर. चारचौघं जिन्यात आवाज खाली आणून बोलायला लागले की धुसफूस; आमच्याकडे ती पार्किंगवरून बारा महिने चालू असते. चडफड एकट्यानं करायची, शक्यतो फोन ठेवल्यावर. तणतण मात्र एकट्याची असली तरी घरभर ऐकू जाते, कारण तिला भांड्यांची साथ असते. नाराजी हल्ली पुढाऱ्यांनी पळवली. खातं मिळालं नाही की नाराजी, मिळालं की नाराजी दूर. आपण नाराज झालो तर घरात कोणाला पत्ताही लागत नाही.

असंतोष तर घरात चालतच नाही. 'मला आजच्या भेंडीबद्दल असंतोष आहे' असं म्हणून बघा. तो मोर्च्याचा, अग्रलेखाचा शब्द. टिळकांना 'भारतीय असंतोषाचे जनक' आपण केवढ्या अभिमानानं म्हणतो. पण व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारानं १९१०च्या सुमाराला ते म्हटलं होतं दूषण म्हणून. त्याच्या लिखाणाबद्दल टिळकांनी लंडनला जाऊन अब्रुनुकसानीचा दावा लढवला आणि १९१९ साली ते हरले. दावा गेला, दूषणाचं बिरुद झालं.

माझ्या सहा थेंबांना एवढा मोठा शब्द झेपला नसता. त्यांना शेवटी कोकणातला शब्द मिळाला. गाऱ्हाणं. इतर मराठीत गाऱ्हाणं म्हणजेही तक्रारच, पण मालवणी माणूस ते घालतो देवापुढे. त्याला कागद लागत नाही, फक्त खणखणीत आवाज लागतो आणि मागे 'व्हय' म्हणणारी माणसं. सोसायटीच्या गणपतीला दरवर्षी तळमजल्यावरचे आजोबा गाऱ्हाणं घालतात. नारळ हातात, डोळे मिटलेले. पोरांच्या परीक्षा, कोणाचं ऑपरेशन, कोणाचं जमत नसलेलं लग्न, सगळं त्यात येतं. यंदा मी त्यांच्या कानात माझंही सांगून ठेवलं होतं.

"बा गणराया म्हाराजा! ह्या घरात वरसून जा पाणी गळता, ता थांबव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. वरचे भाईसुद्धा. आणि सगळ्यांत मोठ्यानं, हात जोडून, आमचे सेक्रेटरी.