मंडईखाली वाहणारा कात्रजचा नळ

इमारतीच्या पायाआधी माती तपासायला बोअर घेताना बिट, म्हणजे खोदणारं टोक, तापू नये म्हणून रॉडमधून पाणी सोडतात. ते खालचा चुरा घेऊन वर येतं आणि त्याच्या रंगावरून आम्हाला जमिनीचा अंदाज येतो. पुण्याच्या पेठांत हे रंग बहुतेक ठरलेले: आधी भरावाचा काळपट, मग मुरमाचा पिवळसर, शेवटी खडकाची राखाडी भुकटी. शुक्रवार पेठेत, मंडईच्या मागच्या गल्लीत एका जुन्या वाड्याच्या जागेवर माती-परीक्षण चाललं होतं. मुरूम लागायच्या खोलीवर त्या दिवशी पाणी विटकरी लाल आलं, त्यात चुन्याचे पांढरे कण. तेवढ्यात रॉड झपकन खाली बसला आणि वर येणारं पाणी पार बंद झालं.

"साहेब, पोकळी लागली," मशीनवाले अण्णा म्हणाले आणि इंजिन बंद केलं.

पाच मिनिटांत गल्ली भरली. कुणी म्हणे पर्वतीला जाणारं गुप्त भुयार, कुणी म्हणे खजिना. समोरच्या किराणा दुकानातले आजोबा तेवढे शांतपणे म्हणाले, "अहो, हा कात्रजचा नळ असणार. पानशेत फुटलं तेव्हा हौदांच्याच पाण्यावर दिवस काढलेत आम्ही."

त्यांचं बरोबर होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ च्या सुमारास या नळाचं, म्हणजे जमिनीखालच्या पाणवाटेचं, काम सुरू झालं. कात्रजला आंबील ओढा दगडी बांधानं अडवला आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत सुमारे ८ किलोमीटर जमिनीखालून पाणी आणलं. बरीचशी वाट अशी, की आतून माणूस चालत जाईल. पंप कुठेच नाही, सगळा कारभार उतारावर. मध्ये मध्ये उच्छ्वास, म्हणजे हवा खेळायला आणि गाळ काढणाऱ्याला उतरायला उभी विवरं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद या पाण्यावर भरायचे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून शहराचा पाणीपुरवठा कोलमडला, तेव्हा पेठांना हेच जुने हौद आणि आड उपयोगी पडले. ज्यांनी हा उतार साधला त्यांच्याकडे आजची उपकरणं नव्हती. माझ्या व्यवसायातल्या माणसाला याचं मोल जास्त कळतं.

दुपारी बोअरवेलचा कॅमेरा मागवून भोकातून खाली सोडला. दिव्याच्या उजेडात आधी विटांचे थर दिसले, सांधे अजून घट्ट. भिंतीवर हाताच्या उंचीला क्षारांची पांढरी रेघ, पूर्वीच्या पातळीची. खाली पाणी होतं. ते साचलेलं की वाहतं, हे पडद्यावर कळेना. आजोबांनी मूठभर चुरमुरे आणून दिले, मी ते केसिंगमधून, म्हणजे भोकात बसवलेल्या पाइपातून टाकले. चुरमुरे क्षणभर तिथेच फिरले, मग सावकाश शनिवारवाड्याच्या दिशेनं सरकत दिवा पोहोचेना अशा अंधारात गेले. अण्णा काही बोलले नाहीत, पण त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या.

कॅमेरा उलट फिरवल्यावर मात्र जीव तुटला. वरच्या अंगाला भिंत फोडून कुणीतरी ड्रेनेजचा पाइप आत सोडला होता. माणसांसाठी आणलेल्या पाण्यात मैला! पेठांत बांधकामं वाढतात, प्रत्येक जण आपल्या प्लॉटपुरतं खणतो, आणि खालचं कुणाच्या नकाशावर नसतं. काही ठिकाणी अशी पोकळी लागली की काँक्रीट ओतून मोकळे होतात. ते ओतलं की वरच्या बाजूचं पाणी तुंबतं आणि शेजारच्या वाड्यांच्या पायात शिरतं. म्हणजे हा फक्त वारशाचा प्रश्न नाही, शेजाऱ्याच्या भिंतीचाही आहे.

जागेच्या मालकांना संध्याकाळी पडद्यावरचं सगळं दाखवलं. मी सांगितलं, मधल्या ओळीतले कॉलम हलवा, नळाच्या दोन्ही बाजूंना पाया घ्या, वरून तुळई टाका, खर्च वाढेल. ते बराच वेळ बघत राहिले आणि "हलवा" म्हणाले. भोकाला लोखंडी झाकण बसवलं, नळाची दिशा आणि खोली अहवालात नकाशासकट लिहिली, ड्रेनेजच्या पाइपाचे फोटो जोडून महापालिकेकडे अर्ज दिला.

पेठांत बोअर घेणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना एकच विनंती: पाणी विटकरी आलं की मशीन तिथेच थांबवा, आधी कॅमेरा सोडा, आणि जे दिसेल ते अहवालात लिहा, मालकानं विचारलं नसलं तरी.