१३ जुलै : निळूभाऊ, आजी आणि ‘मालक’

रात्री पावणेबारा.

पाऊस दिवसभर लागून आहे. लाइट टिकली हे बरं झालं, कारण अण्णांना आज ‘सामना’ सिनेमा बघायचाच होता. २००९ साली याच तारखेला पुण्यात त्यातले नट निळू फुले गेले. अण्णांना घरातल्यांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण ही तारीख ते विसरत नाहीत. निळूभाऊ म्हणतात, जसं घरातल्या थोरल्या माणसाला म्हणावं तसं.

मला आज हे लिहायचंच होतं, त्याला दुपारचं एक कारण आहे. जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्यानं निळूभाऊंची नक्कल केली. तीच ती, घोगरा आवाज, अर्धे मिटलेले डोळे, ‘बाई, वाड्यावर या’. समोर नवीन लागलेली मुलगी डबा खात होती. सगळे हसले, तीही हसली, पण तिनं डबा लगेच बंद केला. मला फार वाईट वाटलं. त्या मुलीसाठी वाटलं आणि निळूभाऊंसाठीही. ज्या माणसानं आयुष्यभर पडद्यावर त्या नजरेतली घाण उघडी करून दाखवली, त्याच्या नावावर आपण ती नजर गंमत म्हणून वापरायला लागलो आहोत.

आमच्या आजीला ती गंमत कधीच वाटली नाही.

आजी सातारा जिल्ह्यात एका बागायतदाराकडे रोजानं जायची. भांगलणीला, कांदा काढायला, ऊस तुटल्यावर पाचट गोळा करायला. घरात त्या माणसाचा उल्लेख फक्त ‘मालक’ असा व्हायचा. जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, बायका एका बाजूला, बापे दुसऱ्या बाजूला, खाली नुसती माती. अण्णा तेव्हा शाळेत होते. आजीबरोबर त्यांनी तिथं ‘सामना’ पाहिला, तोही अर्धाच. सकाळी उजाडायला रानात हजर राहायचं म्हणून आजी मधूनच उठली. अण्णा सांगतात, आजूबाजूच्या बायका हिंदुरावला, म्हणजे निळूभाऊंच्या पाटलाला, शिव्या घालत होत्या, बोटं मोडत होत्या. आजी गप्प होती. घरी येताना पांदीत एवढंच म्हणाली, “ह्येनं मालक लई जवळनं बघितलाय.”

निळूभाऊंच्या कामावर मी बरंच वाचलं आहे, पण त्या एका वाक्याच्या जवळ जाईल असं काही सापडलं नाही.

खरंच जवळून बघितला होता त्यांनी. नीळकंठ कृष्णाजी फुले, पुण्याचे. सतराव्या वर्षी लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून लागले. पगार ऐंशी रुपये, त्यातले दहा दर महिन्याला राष्ट्र सेवा दलाला द्यायचे. स्वतःची रोपवाटिका काढायची इच्छा होती, पैशाअभावी राहून गेली. खुरपं हातात असलेल्या माणसाकडे साहेबलोक कसे बघतात, किंवा बघतच नाहीत, हे त्यांनी वाकून काम करताना पाहिलं असणार. मग सेवा दलाचं कलापथक, वग, लोकनाट्यं. शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’नं त्यांचं नाव गावोगाव नेलं आणि १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तला झेलेअण्णा आला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पाटील, सरपंच, सावकार, पुढारी यांची रांगच लागली. त्यातले बरेच सिनेमे मला आवडत नाहीत, आणि ते स्पष्ट लिहायला हरकत नाही. एकाच साच्यातून काढलेले होते ते. पण वाईट सिनेमातसुद्धा त्यांचं काम उरकल्यासारखं दिसत नाही.

‘सामना’ १९७५चा. रामदास फुटाणे निर्माते, लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात तो गेला. डॉ. श्रीराम लागूंचा दारूत बुडालेला मास्तर गावात येऊन पडतो. हिंदुराव धोंडे पाटील त्याला घरी ठेवून घेतो, दारू पाजतो, आपला कारखाना, आपलं साम्राज्य दाखवतो. मास्तरच्या कानावर एक नाव पडतं आणि तो विचारायला लागतो : मारुती कांबळेचं काय झालं?

आज मी लागूंकडे बघितलंच नाही. ठरवून निळूभाऊंकडेच बघत बसले. ते नाव पहिल्यांदा निघतं तेव्हा हिंदुराव चिडत नाही. दुसरा नट असता तर दचकला असता, नजर चोरली असती. हे मात्र यजमानच राहतात. आवाज आणखी मऊ होतो. जणू पाहुण्यानं भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. भीती आत कुठेतरी सुरू झाली आहे आणि ती फक्त आपल्याला कळते, त्याला स्वतःला अजून कळलेली नाही. मी ते दृश्य मागे नेऊन पुन्हा पाहिलं. अण्णा म्हणाले, “आमचा मालकबी कधी ओरडला नाही. हजेरीचं पैसं देताना नोटा मोजायचा, पण आईच्या तोंडाकडं बघायचा नाही. पैसं कमी भरलं तर आईनं विचारायचं, आणि त्यानं दुसऱ्याशीच बोलायला लागायचं.”

मऊ आवाजातली दहशत. आजीनं तंबूत तीच ओळखली होती.

मला त्यांचा दिगू टिपणीसही तितकाच मोठा वाटतो. ‘सिंहासन’, १९७९. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून, पुन्हा तेंडुलकर आणि जब्बार. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू अर्थमंत्री, आणि निळूभाऊ पत्रकार. सगळ्या नेत्यांच्या बैठकीत शिरतो, सगळ्यांचं ऐकून घेतो आणि त्याच्यानं काहीच होत नाही. पडद्यावर आयुष्यभर सत्ता गाजवलेला माणूस इथं सत्तेच्या दारात नुसता बसून राहतो. शेवटी रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो तो. ते हसू ऐकवत नाही. दुपारी ऑफिसात जे हसले त्यांना मी ते ऐकवू शकले असते तर!

त्याच्या आधी ‘सखाराम बाइंडर’, १९७२, रंगभूमीवर. कमलाकर सारंगांचं दिग्दर्शन, समोर लालन सारंग. सेन्सॉरनं कापाकापी सांगितली, प्रकरण कोर्टात गेलं. ते नाटक बघायचं माझं भाग्य नव्हतं. हिंदीत ‘कुली’, ‘मशाल’ आले. पण मला हिंदीतला आठवतो तो ‘सारांश’मधला पुढारी, म्हाताऱ्या मास्तरच्या जिवावर उठलेला.

आणि या सगळ्याच्या बाहेर एक माणूस होता. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला उभा राहणारा, सेवा दलाचा शेवटपर्यंत असलेला. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागूंबरोबर ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले ते याच माणसानं. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरात महिन्याला काही मानधन जावं म्हणून तो निधी. पडद्यावर ज्याच्या माणसांनी गावं लुटली, तो बाहेर कार्यकर्त्यांच्या चुलीची काळजी करत होता. हे लिहिताना मला भरून येतं, आणि ते मी लपवणार नाही.

उद्या त्या सहकाऱ्याशी बोलणार आहे. भांडण नाही. आजीचं वाक्य सांगेन. त्या मुलीशीही बोलेन, तिच्याशी आधी.

आज अण्णांनी पहिल्यांदाच सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. इतक्या वर्षांत टीव्हीवर कितीदा लागला असेल, पण आजी जिथं उठली होती तिथं तेही उठायचे. मला वाटायचं त्यांना झोप येते. आज ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’ सुरू झालं तरी बसून होते. हिंदुरावचा हिशेब पूर्ण होईपर्यंत पाय खाली सोडून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. संपल्यावर मी टीव्ही बंद केला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्यांनी पाणी मागितलं, अर्धा पेला प्याले, आणि मग त्या मालकाचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. कोणत्या साली आजीचे किती दिवस त्यानं बुडवले, तेही सांगितलं.

आमच्या घरात ते नाव आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे.