सिक मिळाली, पैसे अडले टाइम ऑफिसात

मी बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर आहे. झोप पार उडाली होती, ऑफसेट टाकताना आकडे डोळ्यापुढे नाचायचे, जॉबमागून जॉब रिजेक्ट. धारवाडला डिमहान्समध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं, डिप्रेशन निघालं. ते कागद बघून ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या डॉक्टरांनी सिक दिली, म्हणजे आजारपणाच्या रजेचं सर्टिफिकेट. तिथं काही त्रास झाला नाही.

अडलं ते आमच्याच कंपनीच्या टाइम ऑफिसात, जिथं हजेरी ठेवतात. सिकचे पैसे सोडताना ईएसआय कंपनीकडून खात्री करून घेते: या तारखांना हा माणूस कामावर नव्हता ना, त्या दिवसांचा पगार दिलाय का? मस्टर उघडायचं, रकाने भरायचे, सही-शिक्का मारायचा. एवढंच काम. पण ते पत्र क्लार्कच्या टेबलावर काचेखाली, लक्ष्मीच्या फोटोशेजारी पडून. खिडकीतून मला दिसायचं. कधीही जा, "नाळी बर्री!" म्हणजे उद्या या. एकदा तर शिफ्ट सुटताना, मागं पंचिंगची लाईन लागलेली असताना मोठ्यानं म्हणाला, "ताप नाही, हाड मोडलं नाही, चालत आलास की! सिक कसली तुला? आजाराचं नाव लिहून आण." पत्रात आजाराचं नाव विचारलेलंच नव्हतं. आजार गुप्त राहण्याचा हक्क 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पेशंटला दिलाय. हे मला माहीत होतं, पण त्या दिवसांत तोंडातून शब्दच फुटत नव्हता. शेवटी थोरला भाऊ आला. मॅनेजरसमोर उभा राहून म्हणाला, "उत्तर का देत नाही ते लिहून द्या." त्याच दुपारी शिक्का बसला.

म्हणून सांगतो, अशा आजारात खिडकीवर एकट्यानं जाऊ नका. डॉक्टरना नुसतं "उदास वाटतं" म्हणू नका. मशीनवर काय जमत नाही ते सांगा. पैसे पगाराच्या 70 टक्के मिळतात, वर्षाला 91 दिवसांपर्यंत, आणि सुरुवातीचे दोन दिवस कोरडे जातात. दोन सर्टिफिकेटांच्या तारखांत खंड पडू देऊ नका. स्किझोफ्रेनिया किंवा एंडोजेनस डिप्रेशन (बाहेरचं कारण नसताना आतूनच येणारं) असेल तर 91 दिवसांनंतरही वाढीव सिक मिळते, 80 टक्क्यांनी; त्याला दोन वर्षं नोकरी झालेली लागते. हां, आणि साध्या सिकलासुद्धा आधीच्या, नेमून दिलेल्या सहामाहीत 78 दिवसांची ईएसआयची वर्गणी भरलेली हवी, ते आधी बघा.

सिकचे पैसे चालू असताना कामावरून काढता येत नाही. ती धमकी मलाही मिळाली होती, त्याच टेबलावरून.