अर्धी चावी फिरवली तरी उघडणारं कुलूप

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी एवढंच: देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीचा वर्गणीचा हिशोब मी घरच्या रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू या चिमुकल्या संगणकावर ठेवतो. फ्लास्क (वेबसाइटचा सांगाडा), एसक्यूलाइट (डेटाबेस) आणि साठेक घरांची खाती, त्यातली निम्मी मुंबईच्या चाकरमान्यांची. पासवर्डचं काम पायथन भाषेतल्या पासलिब या तयार कोडकडे आणि पासलिबच्या पोटात बीक्रिप्ट, म्हणजे पासवर्डऐवजी त्याचा उलटा न फिरणारा ठसा (हॅश) साठवायची रीत. स्वतःचं हॅशिंग लिहायचा अतिशहाणपणा केलेला नव्हता. तरी गोता खाल्लाच.

नागपंचमी

काकीचा फोन. "अरे झिला, ह्यां खंयचा कुलूप तुझा? अर्धी चावी फिरवली तरी उघडता!"

तिचा पासवर्ड एक अख्खं वाक्य होतं: "आमच्या परड्यातल्या फणसाला यंदा फळ धरलं नाही". (आता बदललाय. शिवाय तिने तो फोनवर निम्म्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितला, तेव्हा गुपित कसलं.) छोट्या विचित्र शब्दापेक्षा लांब, लक्षात राहणारं वाक्य टाका, हे सगळ्यांना मीच सांगत फिरलो होतो. त्या दिवशी तिने चुकून "यंदा चिकार फळ धरलं" असं टाकलं आणि हिशोब उघडला.

आधी वाटलं, जुनं सेशन शिल्लक असेल. सगळं पुसून पुन्हा बघितलं. "फणसाला" आणि त्यापुढची मोकळी जागा, एवढं बरोबर असलं की पुढे काहीही चालतंय. "फणसाल" केलं की अडतंय. मग कागद घेऊन बाइट मोजले. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, आणि काना, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं. "आमच्या" सहा चिन्हं, "परड्यातल्या" अकरा, "फणसाला" सहा. तेवीस त्रिक एकोणसत्तर, त्यात तीन मोकळ्या जागांचे तीन. बरोब्बर ७२.

बीक्रिप्टची मर्यादा ७२ बाइटांचीच आहे. नील्स प्रोवोस आणि डेव्हिड माझिएर यांनी १९९९ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ते मांडलं, ब्लोफिश सायफरच्या (मजकूर गुप्त करायच्या एका रीतीच्या) पायावर. ब्लोफिशमध्ये चार-चार बाइटांच्या १८ उपकिल्ल्या असतात; अठरा चोक बहात्तर, त्यापलीकडचं घ्यायला जागाच नाही. इंग्रजीत ७२ अक्षरांचा पासवर्ड कोण टाकतो? मराठीत मात्र २४ चिन्हांत खेळ संपतो, म्हणजे जेमतेम तीन-चार शब्द. ज्यांनी माझा सल्ला मनावर घेतला, नेमक्या त्यांचीच चावी अर्धी.

हे भगदाड आहे का? काकीच्या बाबतीत नाही. ते पहिले तीन शब्दही कुणी सहज ओळखणार नाही. पण ७२ बाइटांत पासवर्डच्या आधी दुसरं काही कोंबलं तर मात्र पंचाईत. २०२४ मध्ये एका मोठ्या लॉगिन-सेवेत तसंच निघालं: वापरकर्त्याचा क्रमांक, नाव आणि पासवर्ड जोडून बीक्रिप्टमधून काढत होते, आणि नाव पुरेसं लांब असलं की पासवर्डला आत जागाच उरत नव्हती.

दोष माझाच. मर्यादा कागदोपत्री लिहिलेली आहे. पासलिबमध्ये कापाकापी झाली तर चूक दाखवायची सोयही आहे, फक्त ती मुळात बंद असते आणि मी कधी वाचलं नव्हतं. पायथनचं बीक्रिप्ट पाचव्या आवृत्तीपासून गुपचूप कापत नाही, सरळ चूक फेकतं. गंमत अशी की त्यामुळे पासलिबच अडतं, कारण सुरू होताना ते स्वतःची एक चाचणी लांब पासवर्ड देऊनच घेतं. पासलिबची शेवटची आवृत्ती, १.७.४, ऑक्टोबर २०२० ची. ज्याने एवढी वर्षं फुकट सांभाळलं त्याला बोल लावायचा नाही, पण बिऱ्हाड हलवणं भाग होतं.

श्रावण

आर्गॉन२ या हॅशच्या दुसऱ्या रीतीकडे गेलो. पासवर्ड हॅशिंग स्पर्धेचा २०१५ चा विजेता, २०२१ मध्ये आरएफसी ९१०६ या इंटरनेट-दस्तऐवजात छापला गेलेला. मुद्दाम भरपूर मेमरी खातो, म्हणजे चोराला ग्राफिक्स कार्डांवर एकदम हजारो अंदाज चालवणं महागात पडतं. लांबीची अडचण नाही. पायथनमध्ये त्यासाठी आर्गॉन२-सीएफएफआय हे पॅकेज.

जुने हॅश उलटे फिरवता येत नाहीत, म्हणून नेहमीची रीत: माणूस लॉगिन झाला की टाकलेला पासवर्ड जुन्या हॅशशी ताडायचा, जुळला की त्याचाच नवा हॅश करून ठेवायचा. कोड लिहून झाला, आणि रात्री झोपताना काकी आठवली. ती "चिकार फळ धरलं" टाकून आत आली तर? बीक्रिप्ट हो म्हणणार, मी तेच वाक्य आर्गॉन२ मध्ये गोठवणार, आणि दुसऱ्या दिवशी तिचा खरा पासवर्ड चुकीचा ठरणार. म्हणून आता नियम असा: हॅश जुना आणि टाकलेला पासवर्ड ७२ बाइटांच्या वर असेल तर आपोआप बदल नाही, नवा पासवर्ड दोनदा टाकायला लावायचा. कुणी मोठ्या साइटवर हे करत असाल तर आधी एवढं बघा.

चतुर्थीच्या आदल्या रात्री

सगळे चाकरमानी घरी आले, एकदम वर्गणी बघायला बसले आणि रास्पबेरी पाय आडवा. लाईट होती, नेट होतं. लॉग बघितला तर कर्नेलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) मेमरी संपली म्हणून माझाच प्रोग्रॅम मारलेला. आर्गॉन२-सीएफएफआय मुळात दर हॅशला ६४ एमआयबी (मेबीबाइट) मेमरी घेतं, तीन फेऱ्या, चार लेन (एकाच वेळी चालणारे भाग). सहा जण एकाच क्षणी आले की ३८४. मशीनची एकूण मेमरी ५१२, त्यात बाकीचा संसार.

ओवास्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या किमान शिफारशीवर उतरलो: १९ एमआयबी, दोन फेऱ्या, एक लेन. पण मोजमापं हॅशच्या ओळीतच लिहिलेली असतात, त्यामुळे आधी बनलेले हॅश ताडताना ६४ च मागतात. म्हणून एक सेमाफोर घातला: एका वेळी दोनच हॅश, बाकीच्यांनी रांगेत थांबा. आरतीच्या ताटासारखं. चेक-नीड्स-रीहॅश, म्हणजे हॅश नव्याने करायला हवा का ते बघणारं पॅकेजमधलं फंक्शन, मोजमाप कमी केलं तरी फरक ओळखतं, त्यामुळे विसर्जनापर्यंत बहुतेक ओळी आपसूक हलक्या झाल्या.

दसऱ्यानंतर

डोंबिवलीचा चुलतभाऊ: फोनवरून लॉगिन होतं, लॅपटॉपवरून नाही. पासवर्डात "किनाऱ्यावर" हा शब्द. दोन्हीकडून फक्त तेवढा शब्द लिहून पाठव म्हटलं आणि युनिकोड (प्रत्येक चिन्हाचा ठरलेला क्रमांक) उलगडून बघितलं. फोनवर ऱ, हलन्त, य. लॅपटॉपवर साधा र, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह), य. पडद्यावर डिट्टो सारखे, बाइट वेगळे. तिसरा प्रकारही शक्य आहे, र खाली नुक्ता. तो एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लिखाणं एकसारखी करायची युनिकोडची रीत, आपणच ऱ मध्ये बदलतं. जॉइनरवाल्याला मात्र ते हात लावत नाही.

सगळे जॉइनर काढून टाकायचा मोह झाला. पण मग आचार्यांना आणि आचाऱ्यांना एका पंगतीला बसवल्यासारखं होतं. म्हणून र-हलन्त-जॉइनर दिसलं की तेवढंच ऱ-हलन्त करतो, मग एनएफसी, मग हॅश. जुन्यांसाठी आधी जसाच्या तसा पासवर्ड ताडायचा, नाही जुळला तर सुधारलेला.

आजची स्थिती: नऊ ओळी अजून बीक्रिप्टच्या. ही घरं शिमग्यालाच येतात. पालखी होईपर्यंत थांबतो, नंतर ते हॅश पुसून घरोघर जाऊन नवा पासवर्ड टाकून घेणार. काकीने नवा कधीच टाकलाय. या खेपेला सांगितला नाही.