चूक झाली, आता माळ काढून ठेवू का?

आषाढी जवळ आली की हा प्रश्न हमखास विचारला जातो. पंढरपुरात तुळशीची माळ घातली, पुढे कुणाच्या लग्नात आग्रहाला बळी पडून घोट घेतला, नाहीतर मटण खाल्लं. आता गळ्यातली माळ टोचते. काढून देव्हाऱ्यात ठेवू का?

काढू नका. तुम्ही शुद्ध आहात म्हणून कुणी ती तुमच्या गळ्यात घातली नव्हती. मद्य-मांस सोडीन, एकादशी धरीन, रोज हरिपाठ म्हणेन, वारी चुकवणार नाही, एवढं तुम्ही कबूल केलं होतं. शब्द मोडला असेल तर तो पुन्हा द्यायचा.

ज्यांच्या हातून माळ घेतली त्या महाराजांकडे जा. ते हयात नसतील तर त्यांच्या फडावरच्या, म्हणजे वारकऱ्यांच्या त्या परंपरेतल्या, जाणत्या माणसाकडे जा. काय केलं आणि कधी केलं, एवढंच सांगा. 'मित्रांनी भरीस घातलं' हे जोडू नका. ते जोडलं की पश्चात्ताप पातळ होतो. फडाफडाची रीत निराळी असते. कुणी येती एकादशी कडक धरायला सांगतात, कुणी माळ ज्ञानेश्वरीवर ठेवून पुन्हा गळ्यात घालतात. सांगतील तेवढंच करा, स्वतःहून दंड वाढवू नका. वर्षाच्या 24 एकादश्या निर्जळी करण्याचा नेम रागाच्या भरात केला तर तो दुसऱ्या-तिसऱ्या एकादशीला मोडतो, आणि मग माणूस लाजेनं फडाकडे फिरकेनासा होतो. मूळ चुकीपेक्षा हे नुकसान मोठं.

माळ नुसती तुटली असेल तर त्यात पाप नाही. घामानं आणि साबणानं दोरा कुजतो. मणी मोजून नव्या दोऱ्यात ओवा. 108 ची माळ असेल आणि दोन-चार हरवले असतील तर तुळशीचेच मणी घ्या, आळंदीत सहज मिळतात.

खरी परीक्षा पुढे आहे, ती वाकण्याची. वारकरी भेटले की 'माउली' म्हणत एकमेकांच्या पाया पडतात. हल्ली बरेच जण गुडघ्यापाशी हात नेऊन सरळ होतात. पुरतं वाका, बोटं समोरच्याच्या पायाला लागू द्या. तो वाकत असेल तर ताठ उभं राहून नमस्कार घेऊ नका, त्याच क्षणी तुम्हीही वाका. वय, जात, मान काही पाहू नका. कीर्तन संपल्यावर बुवांचे पाय धरायला गर्दी होते आणि मांडीला मांडी लावून बसलेला शेजारी तसाच राहतो, हे फार वाईट वाटतं. विठ्ठलाच्या महाद्वारात नामदेवांनी पायरीची जागा मागून घेतली, भक्तांची पायधूळ लागावी म्हणून, अशी आपली श्रद्धा आहे. समोरच चोखोबांची समाधी. तिथे माथा टेकवून आलेल्यानं शेजाऱ्यापुढे ताठ राहावं?

आणि काला चुकवू नका. एकादशीचं दर्शन झालं की पुष्कळ जण त्याच रात्रीची एसटी धरतात. पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. ज्वारीच्या लाह्या, दही, पोहे एकत्र कालवलेले असतात आणि लोक एकमेकांना घास भरवतात. कुणाचा हात, कोणत्या गावचा, कुणी विचारत नाही. देवानं परत जवळ घेतलं याचं ऋण फेडता येत नाही, पण तो आंबटसर घास मुकाट्यानं घेता येतो. आधी घ्या, मग आपल्या हातानं पुढच्याला भरवा.