चोर्ला उतरताना दगड होणारं पेडल

"मेस्त, ब्रेक लागत नाहीत असं नाही. पण चोर्ला घाट उतरताना चौथ्या-पाचव्या वळणावर पेडल दगड होतं. खाली केरीला येऊन थांबलं, चहा घेतला, की परत मऊ."

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सहा दिवस राहिले होते. डिचोलीच्या माझ्या गॅरेजसमोर भर पावसात मारुतीची जिप्सी किंग जीप उभी होती. मालक सत्तरी तालुक्यातले, सुपारीचं कुळागर, म्हणजे बाग, असलेले. वयाने वडिलांच्या जवळपास, म्हणून मी त्यांना काकाच म्हणतो. आदल्या रविवारी बेळगावहून येताना मागे बायको आणि नातू बसलेले असताना हे झालं होतं. दोन्ही पाय पेडलवर रोवून, दुसरा गिअर टाकून, हँडब्रेक ओढून त्यांनी गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. दरी दुसऱ्या बाजूला होती. सांगताना त्यांचा आवाज बसला होता.

त्याआधी दोन ठिकाणी काम झालेलं. ब्रेक शू नवे, मास्टर सिलिंडर नवा, शेवटी इंजिनाच्या ओढीवर पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही नवा. तक्रार ब्रेकची, म्हणून सगळे ब्रेककडेच बघत राहिले.

मी विचारलं, "काका, इंजिन मूळचंच?"

"नाही रे, दीड वर्षापूर्वी मारुती एस्टीम कारचं घातलं. आरटीओत नोंदही केली आहे."

मग मी बॉनेट उघडलं. आधी नेहमीची चाचणी केली. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारलं, घट्ट झाल्यावर तसंच दाबून धरलं आणि स्टार्टर मारला. पेडल पायाखाली खाली गेलं, म्हणजे बूस्टर काम करत होता. गाडी थंड होती तोवर काही दोष दिसलाच नसता. आधीच्या लोकांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांनी थंड गाडी तपासली, एवढंच.

एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं. दोन्ही 1298 सीसीची, एकाच घराण्यातली, त्यामुळे गिअरबॉक्सला जोडायला फार झगडावं लागत नाही. पण इंजिन नव्वद अंशांत फिरलं की त्याची सगळी तोंडं फिरतात. जे पाइप एस्टीममध्ये वीतभर अंतर जात होते, त्यांना आता वळसा घालावा लागतो. त्यात ही जिप्सी आधी कार्ब्युरेटरची, आलेलं इंजिन एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं. जुने व्हॅक्यूमचे, म्हणजे हवेच्या ओढीचे, पाइप निरुपयोगी, नव्यांना जागा नाही. इंजिन बसवणारा दमलेला असतो, मालक घाई करत असतो, आणि पाइप हे उरलेलं काम समजून हाताला येईल तो तुकडा लावला जातो. माझ्या मते स्वॅपमधलं, म्हणजे इंजिन बदलण्यातलं, खरं कसब इथेच आहे. माउंटिंग वेल्डरही करतो. पण प्रत्येक पाइपमधून काय जातं, कुठून कुठे जातं, आत ढकल आहे की ओढ, हे जोडणाऱ्याला माहीत असावं लागतं.

मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिन जिथून हवा ओढतं त्या नळकांड्यापासून, बूस्टरकडे जाणारा पाइप मला बघताक्षणी खटकला. तो हीटरच्या पाण्याचा पाइप होता, कापून लावलेला. मी पाऊण तास गाडी आयडलवर चालू ठेवली आणि बॉनेटखाली टॉर्च धरून बसलो. काका शेजारी स्टुलावर. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून गेला. मग तो पाइप, बूस्टरच्या अलीकडे जिथे कोपरा घेतो, तिथे हळूहळू आत ओढला जाऊ लागला. आधी नुसती खळी, मग चपटा, शेवटी शहाळ्यातली कागदी नळी भिजून चिकटते तसा. मी काकांचा हात धरून त्यांचं बोट तिथे टेकवलं. त्यांनी दाबून बघितलं आणि काही न बोलता बसून राहिले.

व्हॅक्यूम गेज लावून खात्री केली. मॅनिफोल्डला 19 इंच व्हॅक्यूम, निरोगी इंजिनाला हवा तेवढा. पण बूस्टरच्या तोंडाशी, एकदा पेडल दाबून सोडलं की काटा पडायचा आणि वर यायला रेंगाळायचा. तो क्षणात वर यायला हवा. बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा पेडल दाबण्यापुरताच व्हॅक्यूम साठलेला असतो. तो संपला की फक्त पायाचा जोर उरतो. घाट उतरताना अॅक्सिलरेटर सोडलेला, थ्रॉटल बंद, म्हणजे मॅनिफोल्डमधली ओढ आयडलपेक्षाही जास्त. ज्या क्षणी ब्रेक सर्वांत जास्त हवा, त्याच क्षणी तो पाइप सर्वांत जास्त चपटा होत होता.

कापून उभा चिरला तर आतून रबर फुगून मऊ पडलेलं. पाण्याच्या पाइपचं रबर पाण्याला आणि उष्णतेला उत्तम, पण तेलाशी त्याचं जमत नाही. इंजिनाची तेलकट वाफ मॅनिफोल्डपर्यंत येतेच. दीड वर्षात त्या वाफेने पाइपचा जीव काढला होता.

एक पाइप बदलून मी गाडी देऊ शकलो असतो. काकांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "बाब, सगळं उघड. चवथीला गाडी नसली तरी चालेल."

सगळे पाइप काढून गोणपाटावर मांडले, प्रत्येकाला मास्किंग टेप लावून नाव लिहिलं. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा पाइप लांब आणि मध्ये झोळ पडलेला, झोळात पेट्रोलचा ओलावा. तो आखूड केला आणि मॅनिफोल्डकडे उतार दिला. कार्ब्युरेटरच्या काळातला एक पाइप अजून मॅनिफोल्डला होता, त्याचं दुसरं टोक स्क्रू घालून बंद केलेलं. त्यावर साबणाचं पाणी मारलं होतं, तेव्हा आयडल लगेच बदललं होतं. आयडल बाराशेवर का, याचं उत्तर तिथे मिळालं. ते तोंड पितळी प्लगने बंद केलं.

पाण्याच्या बाजूला वेगळीच कथा. गोव्यात हीटर कोण लावतो, असं म्हणून हीटरची दोन्ही तोंडं बोल्ट ठोकून बंद केलेली. पण थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, उघडेपर्यंत पाणी फिरायला वाट लागते, आणि अनेक इंजिनांत ती हीटरमधूनच असते. हीटर नको असेल तर दोन तोंडं एकमेकांना जोडावीत, बुजवू नयेत. मी हीटरच परत जोडला. पावसात काचेवरची वाफ घालवायला तो लागतोच. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी होतं, गंजाने चहासारखं झालेलं. ते काढून, तीनदा धुऊन, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरलं.

बूस्टरचा पाइप मात्र मनासारखा हवा होता, आतून धाग्याची वीण असलेला. माझा पोरगा रेनकोट घालून म्हापशाला गेला. चवथीच्या बाजाराची गर्दी, तीन दुकानं फिरून दुपारी अडीचला परतला.

संध्याकाळी गाडीचं तोंड अंगणातल्या चढाकडे करून हवा काढली. झाकण उघडं, हीटर पूर्ण चालू, फडक्याने वरचा पाइप दाबत राहिलो आणि बुडबुडे येत राहिले. मग थर्मोस्टॅट उघडला, पाणी एकदम खाली बसलं आणि खालचा पाइप हाताला गरम लागला. आत हवेचा गोळा राहिला तर सेन्सर पाण्याऐवजी हवेचं तापमान सांगतो, काटा थंड आणि इंजिन भाजत असतं. म्हणून इथे मी कधीच घाई करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं चोर्ला चढलो. वरून गाडी वळवली, काका चालवत होते. चौथं वळण आलं, पाचवं आलं. ते प्रत्येक वळणाआधी गरज नसताना ब्रेक दाबून बघत होते आणि मी त्यांना अडवलं नाही. अंजुणे धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले, स्वतः बॉनेट उघडलं आणि तोच कोपरा चिमटीत धरून दाबला. पाइप तापलेला होता, पण गोल होता.

"नातवाला मागे बसवू ना आता?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.