‘नेट सव्वीस, वरचे तुमचे’: नाशिकमधला माझा पहिला घरव्यवहार

अमेरिकेतले व्हिडिओ पाहून मी या धंद्यात आले, हे आधीच सांगून टाकते. तिकडे ज्याला होलसेलिंग म्हणतात त्यात अडचणीतल्या मालकाचं घर बाजारभावापेक्षा कमी किमतीत करारात बांधून घेतात, थोडा बयाणा देतात, आणि मग तो करारच दुसऱ्या गुंतवणूकदाराच्या नावे करून मधला फरक खिशात घालतात. घर स्वतःच्या नावावर होतच नाही. किंमत ठरवायचा त्यांचा एक ठोकताळा आहे. दुरुस्तीनंतर घराची जी किंमत येईल तिचे ७० टक्के काढायचे आणि त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा. तिथेही मोकळं रान नाही बरं का. इलिनॉय राज्यात वर्षभरात असा एकाहून जास्त व्यवहार केला तर ब्रोकरचं लायसन्स लागतं. व्हिडिओवाले हे सांगायची फारशी घाई करत नाहीत.

मी इंदिरानगरला राहते, एका कर सल्लागाराच्या ऑफिसात अर्धा दिवस काम करते, नवरा अंबडच्या कंपनीत आहे. भांडवल म्हणजे एक एफडी, तीही मोडायची की नाही यावर घरात चर्चा चालू असलेली. त्यामुळे घर विकत न घेता घराच्या व्यवहारात उतरायची कल्पना मला आवडणारच होती.

पण तो ७० टक्क्यांचा हिशोब नाशिकला लावून पाहिला आणि पहिल्याच पायरीला अडकला. ऑफिसातल्या फाइलींमुळे मला एक गोष्ट ठाऊक होती. आपल्याकडे रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मिळकतीच्या दरांच्या, खाली फार जाता येत नाही. मुद्रांक शुल्क सरकारी दर आणि व्यवहाराची किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. त्यात सरकारी मूल्य किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वर असेल आणि फरक पन्नास हजारांच्या पुढे असेल, तर तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर प्राप्तिकर लागतो. म्हणजे ‘तीस टक्के स्वस्तात उचलला’ म्हणणाऱ्याने रेकनर पाहिलेला नसतो, किंवा बाकीचे पैसे त्याने रोखीत दिलेले असतात. जुन्या इमारतीला रेकनरमध्ये वयानुसार घसारा मिळतो, तेवढीच काय ती जागा.

दुसरी गोष्ट शुल्काची. महाराष्ट्रात साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारात, ताबा देण्याचं कलम असेल, तर त्या साठेखतालाच खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागतं. करार माझ्या नावे नोंदवून पुढे दुसऱ्याला द्यायचा तर शुल्कातच नफा संपतो. बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटला गुंतवणूकदारासाठी एक तरतूद आहे. तीन वर्षांच्या आत पुढे विकला तर आधी भरलेलं शुल्क वळतं होतं. ही मुदत आधी एक वर्ष होती, २०२२ मध्ये ती वाढली. पण नव्या फ्लॅटचं बुकिंग धरून ठेवायला लागणारा पैसा माझ्याकडे नव्हता, म्हणून तो रस्ता मी सोडला.

प्लॉटचाही सोडला. ‘सिंहस्थ २०२७ च्या आत डबल’ असं सांगणारे आडगावपासून मखमलाबादपर्यंत भेटले. एकाने गुंठ्याचा कागद दाखवला, सातबारा मागितल्यावर त्याला अचानक फोन आला. सातबाऱ्याचं शिक्षण मला नोंदणी कार्यालयाजवळ बसणाऱ्या एका दस्तलेखक काकांनी दिलं. ते म्हणाले, “ताई, नावं नंतर वाचायची. आधी भोगवटादार वर्ग पाहायचा, मग इतर अधिकाराचा रकाना, मग फेरफार मागे मागे वाचत जायचे.” वर्ग दोन, म्हणजे सरकारने अटींवर दिलेली जमीन, असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय घेता येत नाही. दिंडोरी, पेठ, त्र्यंबकच्या बाजूला आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महसूल संहितेचं ३६-अ आडवं येतं, तीही बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, तरी लोक लाखाचं टोकन तो न पाहता देतात, याचं मला अजून नवल वाटतं.

राहिले जुने फ्लॅट. माझं लक्ष नाशिकरोडच्या बाजूला होतं, जेलरोड, उपनगर, दसक. तिथे नोट प्रेस, सिक्युरिटी प्रेस आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेली मंडळी खूप. मुलं पुण्याला, फ्लॅट बंद. बंद फ्लॅट शोधायला मला ॲपपेक्षा इस्त्रीवाल्याचा जास्त उपयोग झाला. कोणत्या मजल्यावरून कपडे येत नाहीत हे त्याला तोंडपाठ असतं.

त्याच्याकडूनच तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेचा पत्ता लागला. लिफ्ट नाही, महावितरणची बिलं जिन्यातल्या पेटीत साठलेली. मालक काका मुलाकडे हडपसरला. फोनवर म्हणाले, “मॅडम, आधी दोन एजंट येऊन गेले. मिसेसच्या नावावर आहे म्हटलं की परत फोन उचलत नाहीत. तुम्ही करणार असाल तर नेट सव्वीस द्या, वरचे तुमचे.”

हा ‘नेट’ म्हणजे आपलं देशी होलसेलिंग. मालक आपला आकडा सांगतो, वर जे मिळेल ते मध्यस्थाचं. बहुतेक ठिकाणी ते झाकून चालतं. मालकाला खरी किंमत कळू द्यायची नाही, दोन पार्ट्यांची भेट थेट रजिस्ट्रीलाच घालायची. मला ते पटत नाही, आणि पटण्या न पटण्यापलीकडेही एक अडचण आहे. खरेदीखतात किंमत लिहावीच लागते, म्हणजे शेवटच्या दिवशी कळणारच. मी काकांना सांगितलं, फरक मी घेईन, पण दस्तात माझं नाव आणि माझा आकडा दिसेल. ते म्हणाले, “मला माझे मिळाल्याशी मतलब.”

आधीचे एजंट का पळाले, ते कागद पाहिल्यावर कळलं. फ्लॅट काकूंच्या एकटीच्या नावावर. त्या वारल्यावर सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून काकांचं नाव चढवलं होतं, आणि काकांची समजूत अशी की घर आता आपलं झालं. नॉमिनी हा सोसायटीच्या कामापुरता. मृत्युपत्र नसेल तर हिंदू बाईच्या मिळकतीत नवरा, मुलगे आणि मुली समान वारस. म्हणजे काका, पुण्याचा मुलगा आणि धुळ्याला दिलेली मुलगी, प्रत्येकी एक तृतीयांश.

“तिचं काय, ती हक्कसोड देईल,” काका म्हणाले, म्हणजे आपला हिस्सा लिहून सोडून देईल. मुलीला फोन कोणी करायचा, हा प्रश्न मात्र बरेच दिवस लोंबकळला. शेवटी मीच केला. त्या ताई शांतपणे म्हणाल्या, “सही करायला माझी ना नाही. पण हक्कसोड नाही देणार. आईचं घर विकायचं ठरलं, आणि मला हे तुमच्याकडून कळतंय.”

इथे माझ्या वकिलांनी सोपी वाट दाखवली. घर विकायचंच असेल तर हक्कसोडपत्र लागतच नाही. तिन्ही वारसांनी खरेदीखतात लिहून देणार म्हणून सह्या करायच्या आणि तिघांच्या नावे वेगळे चेक निघायचे. अडचण कायद्याची कमी आणि काकांच्या मनाची जास्त होती. मुलीला तिसरा हिस्सा हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. मुलाने समजावलं, नेमकं काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण काकांचा निरोप आला की चालेल. मला वाटतं, जुन्या फ्लॅटमधली खरी सवलत इथेच असते. गळकी मोरी कोणीही दुरुस्त करतो. रुसलेल्या वारसाला फोन करायला कोणी बसत नाही, म्हणून तो फ्लॅट बाजारात पडून राहतो.

आकडा नेट साडेपंचवीसवर आला, कारण वकिलाचा सर्च, जाहीर नोटीस आणि किरकोळ खर्च माझ्याकडे. एक लाखाचा विसार, म्हणजे बयाणा, चेकने दिला, एफडी मोडली. पाचशेच्या स्टॅम्पवर विसार पावती झाली. तीन महिन्यांची मुदत, तिन्ही वारसांच्या सह्या, ताब्याचं कलम नाही, आणि ‘स्वतःच्या किंवा मी सुचवेन त्या व्यक्तीच्या नावे खरेदीखत’ हे वाक्य. त्या वाक्यावर सगळं उभं होतं. त्याचबरोबर, मुदतीत खरेदीदार मिळाला नाही तर विसारातला किती भाग बुडेल हेही लिहून घेतलं. तोंडी ठेवलं की शेवटी तोंडच वाईट होतं.

सर्च, म्हणजे जुन्या दस्तांची तपासणी, तीस वर्षांचा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा, घरबसल्या पाहता येतात, पण जुन्या नोंदींसाठी वकिलांनी माणूस कार्यालयात पाठवला. बोजा नव्हता, काकूंचं जुनं कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र काकांच्या पेटीत निघालं. नोटीस स्थानिक दैनिकात दिली, हरकत आली नाही.

खरेदीदार आधीच जमवून ठेवावेत, हा व्हिडिओतला एक सल्ला मात्र इथेही तंतोतंत लागू पडला. माझ्या वहीतलं पहिलं जोडपं लगेच तयार झालं, घर आवडलं, कर्ज मंजुरीला टाकलं. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने कोर्टाचा वारस दाखला मागितला. तो १८२७ च्या रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयातून काढायचा असतो आणि त्याला महिने लागतात. माझी मुदत तीन महिन्यांची, त्यातली बरीच वारसांना एकत्र आणण्यात गेलेली. त्या जोडप्याला नाही म्हणावं लागलं.

मग प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ पुढे आले. फंडाचे पैसे, कर्ज नाही. त्यांच्या वकिलांना मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, नोटीस, तिघांच्या सह्या आणि क्षतिपूर्तीचं बंधपत्र एवढं पुरलं. माणूस घासाघीस करणारा. लिफ्ट नाही हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मलाच दम लागला. अठ्ठावीस लाखांवर तुटलं. थोडी रक्कम रोख घेता का, असंही विचारून पाहिलं. मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो, हे मी रोज ऑफिसात टाइप करत असते, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. त्यांनी घर बायकोच्या एकटीच्या नावे घेतलं. बाईच्या नावावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, अठ्ठावीस हजार वाचले, म्हणजे बरोब्बर नोंदणी फीइतके.

खरेदीखत असं झालं: लिहून देणार तिघे, लिहून घेणार त्या गृहस्थांची बायको, आणि मी ‘मान्यता देणार’. विसार पावतीने मला मिळालेला हक्क अडीच लाख घेऊन मी सोडते आहे आणि या विक्रीला माझी मान्यता आहे, असं एक कलम. वारसांचे चेक तीन, माझा वेगळा, त्याशिवाय माझा विसाराचा लाख परत. दुय्यम निबंधकांसमोर अंगठे, फोटो, दोन साक्षीदार. धुळ्याच्या ताई सगळ्यांत आधी येऊन बसल्या होत्या. काकांनी त्यांच्यासाठी पुण्याहून कसलासा डबा आणला होता, तो रांगेतच उघडला गेला.

खर्च जाता हातात दोन लाखांच्या थोडं वर राहिलं. त्यावर कर धंद्याच्या उत्पन्नासारखा, भांडवली नफ्याचा नाही, कारण हा व्यवहार मी धंदा म्हणूनच केला होता. सोसायटीने नव्या मालकाकडे हस्तांतरणाच्या नावाखाली मोठी रक्कम मागितली, तेव्हा महापालिका हद्दीत प्रीमियम पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही हे परिपत्रक मी नेऊन दाखवलं. ते माझं काम नव्हतं. पण त्याच इमारतीतल्या दोघांनी नंतर माझा नंबर घेतला.

अशा पुनर्विक्रीच्या व्यवहाराला मध्यस्थाला महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची, नोंदणी लागत नाही. नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट विकून द्यायचा तर लागते, आणि आता त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. व्यक्तीला फी दहा हजार, मुदत पाच वर्षं. मी अर्ज भरलाय. सध्या सिडकोतल्या एका रो-हाऊसचं विचारणं आलंय, मालक रोज फोन करून ‘बघून तरी जा’ म्हणतात. मूळ भाडेपट्ट्याची आणि हस्तांतरणाच्या ना-हरकतीची प्रत पाठवा, मग येते, असं त्यांना कळवलंय. अजून आलेली नाही.